केस : सहकुटुंब उपस्थित राहावे

माझं बालपण हलाखीत गेलं, असं मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलो आहे. सांगताना मध्येच थांबतो आणि खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर मुलुंड पूर्वेची भाजीची गाडी असते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, याला घाटकोपरची चाळ दिसतेय. बायको अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जाते. माझं बालपण तिनं माझ्या आईकडून ऐकलेलं आहे.

खरं सांगायचं तर ही हलाखी मला घरी मिळाली नाही. वडील सरकारी नोकरीत होते. पहिल्या तारखेला पगार, दिवाळीला बोनस नसला तरी ॲडव्हान्स, आणि भटवाडीतल्या आमच्या चाळीत पहिला फ्रीज आमच्याकडे. हलाखी मला मिळाली ती नंतर, दादरच्या बाजूला, फिल्म सोसायटीत. वार्षिक वर्गणी भरली की महिन्यातून दोन-तीनदा परदेशी हलाखी पाहायला मिळे, आणि मध्यंतरात चहा. त्यातही ब्रिटिश हलाखी मला फार मानवली. इटालियन हलाखीत माणसं फार बोलतात. ब्रिटिश पोरगा कसा, थंडीत कुडकुडत पेपर टाकतो, भावाचा मार खातो, आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. काढलं तरी आपल्याला कळत नाही, कारण ते यॉर्कशायरचं इंग्रजी असतं.

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्याच चिरागनगरात झोपडीत राहिले. दगडाच्या खाणीतलं काम सुटल्यावर मढ्याच्या राखेत सोनं शोधणारा भीमा त्यांनी ‘स्मशानातील सोनं’मध्ये उभा केला, तो मुंबईच्या उपनगरातलाच. हे सगळं आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी मात्र हलाखीसाठी थेट बार्न्सलीला गेलो.

बार्न्सली म्हणजे ‘केस’. केन लोच यांचा १९६९ सालचा सिनेमा. बॅरी हाइन्स यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून काढलेला. कोळशाच्या खाणींचं गाव, बिली कॅस्पर नावाचा किरकोळ अंगाचा पोरगा, बाप घर सोडून गेलेला, जड नावाचा मोठा भाऊ खाणीत कामाला आणि घरी गुरगुरायला. बिली खरूची म्हणजे छोट्या शिकारी ससाण्याची मादी घरट्यातून काढून आणतो. तिला शिकवायचं कसं, यासाठी पुस्तक हवं, तर वाचनालयात सभासदत्वाच्या अटी आडव्या येतात. मग तो दुकानातून पुस्तक चोरतो. पक्षिणीचं नाव केस. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं विसाव्या शतकातल्या शंभर ब्रिटिश सिनेमांची यादी केली, तिच्यात हा सातवा आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मधली वीस मिनिटं झोपलो होतो. पण जागा झालो तो डोळे पुसतच, आणि शेजारच्या सभासदानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. त्या नजरेवर मी पुढं बरंच आयुष्य काढलं.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट.

आमच्या बिल्डिंगमधली मुलं सुट्टीत घरात बसून असतात. दहा मिनिटांत येणारं आइस्क्रीम चौदा मिनिटांत आलं म्हणून तळमजल्यावरच्या नातवानं आजीशी अबोला धरला, तेव्हा मी सांस्कृतिक समितीचा एकमेव सदस्य या नात्यानं ठरवलं, की या पिढीला हलाखी दाखवली पाहिजे. गच्चीवर प्रोजेक्टर लावायचा, पांढरी चादर ताणायची आणि ‘केस’. कमिटीत विचारणा झाली, ‘कशाबद्दल आहे?’ मी म्हटलं, ‘एका मुलाची आणि पक्ष्याची दोस्ती.’ मंजुरी मिळाली. खर्च माझा, हे ठरावात दोनदा लिहिलं गेलं.

नोटीस मीच लिहिली. नोटीसबोर्डावरची जागा कमी, माझं अक्षर मोठं. शेवटी कागदावर एवढंच मावलं :

‘केस. शनिवारी संध्याकाळी ७:३० वा. गच्चीवर. सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.’

आमची बिल्डिंग १९७४ सालची. तिचा पुनर्विकास गेली अकरा वर्षं चालू आहे, म्हणजे चर्चा चालू आहे. दोन बिल्डर येऊन गेले, तिसरा येतो-येतो म्हणतो. कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, ७९-ए हे शब्द आमच्याकडे मुलं ‘आई’नंतर शिकतात. अशा बिल्डिंगीच्या बोर्डावर ‘केस’ असा शब्द लावल्यावर काय होतं, हे मला सोडून सगळ्यांना कळलं असतं.

गणपतीच्या महाआरतीला आमच्याकडे बावीस माणसं येतात. त्या शनिवारी गच्चीवर सत्तरच्या वर जमली. फ्लॅट भाड्यानं देऊन बदलापूरला गेलेले आले. ज्यांची तोंडं मी वार्षिक सभेतही पाहिली नव्हती ते फायली घेऊन आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर वकील जावयालाच आणलं होतं, तेही पुण्याहून. सासरेबुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘केस आपण टाकलीय, की आपल्यावर टाकलीय, एवढंच सांगा.’

मी म्हटलं, ‘लोचची आहे.’

‘लोचा आहे हे दिसतंच आहे,’ ते म्हणाले, ‘पण कुणावर?’

मग मी चादरीसमोर उभा राहून खुलासा केला. शांतता पसरली. दोन-तीन फायली जरा जोरात बंद झाल्या. पण एवढे जिने चढून आलेली माणसं लगेच उतरत नाहीत. शिवाय वर वारा होता आणि खाली लाइट गेली होती. प्रोजेक्टर माझ्या दोस्तानं आणलेल्या इन्व्हर्टरवर चालत होता.

या दोस्ताबद्दल सांगायला हवं. नाव छापायचं नाही, अशी त्याची अट आहे. म्हणून ‘फँड्री’ सिनेमातल्या जब्याचा जिवाभावाचा सोबती, त्याचंच नाव उसनं घेतो : पिऱ्या. आम्ही एका चाळीतले. मी वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या बाजूला. तो खाली, जिन्याखालच्या खोलीत. त्याचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पिऱ्या आज इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत त्याचं वायरिंग असतं आणि त्याची गाडी आमच्या गेटातून आत येत नाही, इतकी रुंद आहे. त्याला मी बोलावलं होतं ते पुरावा म्हणून. सिनेमानंतर त्यानं आमच्या हलाखीबद्दल दोन शब्द बोलावेत, अशी योजना होती. इन्व्हर्टर हा बोनस.

सिनेमा सुरू झाला. सबटायटल्स नव्हती. डिस्क जुनी. मी माइक घेऊन चालू भाषांतर करू लागलो. यॉर्कशायरची बोली इतकी जड की अमेरिकेत दाखवताना काही संवाद पुन्हा डब करावे लागले होते, तिथं मी मुलुंडात कोण? पण मला गोष्ट माहीत होती, म्हणून मी पात्रांच्या तोंडी योग्य ते घालत गेलो. पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, ‘काका, तो फक्त ‘‘हो’’ म्हणाला. तुम्ही चार वाक्यं बोललात.’

‘ब्रिटिश माणूस कमी शब्दांत खूप सांगतो,’ मी म्हटलं.

फुटबॉलची मॅच मात्र सगळ्यांना भाषांतराशिवाय कळली. पीटीचे सर स्वतःला बॉबी चार्लटन समजून मुलांच्या मॅचमध्ये स्वतःच गोल मारत सुटतात, स्वतःच रेफरी, स्वतःच पेनल्टी देतात. बिली गोलकीपर, थंडीनं गारठलेला, खांबाला लोंबकळतोय. गच्ची खदखदून हसली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, जो ज्या शाळेत शिकला तिथले पीटीचे सर त्याला आठवले. बॅडमिंटनचे पैसे थकवणारे खजिनदारसुद्धा डोळे पुसत होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात बिलीनं खिशातून मांसाचा तुकडा काढला.

आता आमच्या बिल्डिंगीत अर्धे जैन. पक्ष्याच्या दोस्तीचा सिनेमा म्हणून सगळ्यात पुढच्या खुर्च्यांवर त्यांचीच मंडळी. रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणारे आणि त्यासाठी महापालिकेशीही भांडायला तयार असणारे पहिल्या मजल्यावरचे काका तर नातवंडांसह मधोमध. हातमोज्यावर बसलेली पक्षीण आणि तिच्या चोचीत लालभडक तुकडा. रंग फार चांगले आहेत त्या सिनेमाचे, ख्रिस मेंजेस यांचा कॅमेरा आहे. मी धावलो आणि चादरीपुढे हात पसरून उभा राहिलो.

मी त्या दिवशी पांढराशुभ्र सदरा घातला होता, प्रस्तावनेसाठी. चादरीवर झाकायला गेलो ते सगळं माझ्या सदऱ्यावर उमटलं. पक्षीण माझ्या पोटावर बसली आणि काकांच्या डोळ्यांदेखत तिनं माझ्या खिशाजवळचा तुकडा ओढून काढला. माझी सावली मागे चादरीवर पसरली होती. ती म्हणे खाटकासारखी दिसत होती. हे मला नंतर पिऱ्यानं सांगितलं. त्यानं फोटोही काढला आहे.

काका उठले. ‘पक्षीने मांस खवडावे छे!’ त्यांच्या मागून दोन रांगा उठल्या. मी मागून ओरडलो, ‘अहो, तो शिकारी पक्षीच आहे, निसर्ग आहे तो!’ जिन्यातून उत्तर आलं, ‘निसर्ग तुमच्या घरी दाखवा.’ तेही बरोबर होतं.

उरलेल्यांनी शेवटपर्यंत पाहिलं, आणि इथं विनोद बाजूला ठेवून एक कबूल करतो : शेवटाला गच्चीवर कुणी बोललं नाही. मोठ्या भावानं घोड्यावर लावायला दिलेले पैसे बिली खाऊन टाकतो, घोडे नेमके जिंकतात, आणि भाऊ त्याचा सूड त्या पक्षिणीवर उगवतो. पैसे किती, तर किरकोळ. पिऱ्या पाठीमागे इन्व्हर्टरच्या डब्यावर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग चिमुरडीनं विचारलं, ‘काका, बिलीला मित्र का नाही?’

इतक्या वर्षांत फिल्म सोसायटीतल्या एकाही चर्चेत हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. खरंच, बिलीला दोस्त नाही. म्हणून तर पक्षीण. दोस्त शोधायचा तर क्लिओ बर्नार्डच्या ‘द सेल्फिश जायंट’कडे जावं लागतं. २०१३ चा सिनेमा, ब्रॅडफर्ड शहर, आर्बर आणि स्विफ्टी हे दोघे घोडागाडीवरून भंगार गोळा करतात, तांब्याची केबल चोरतात. एकाची डोकॅलिटी, दुसऱ्याचा घोड्यावर जीव. आणि त्याच २०१३ साली आपल्याकडे मुंबईच्या महोत्सवात ‘फँड्री’ आला. पुढच्या वर्षी १४ फेब्रुवारीला थेटरात लागला. तिकडे ससाणा, इकडे काळी चिमणी. बिलीला पक्षीण मिळते आणि जाते. जब्याला चिमणी मिळतच नाही, मिळतं ते डुक्कर, तेही सगळ्या गावासमोर धरायचं. पण जब्याला पिऱ्या आहे. चिमणीमागे रानोमाळ हिंडायला सोबत आहे. ‘किल्ला’त बदलीच्या गावी आलेल्या चिन्मयला बंड्या भेटतो. ‘एलिझाबेथ एकादशी’त सायकल वाचवायला पंढरपूरच्या वारीत दुकान लावणाऱ्या ज्ञानेशबरोबर गण्या असतो. ‘टिंग्या’ला शेजारची रशिदा. मराठी पोराला आपला सिनेमा सहसा एकटं सोडत नाही. हे चांगलं, की सोपं, यावर माझं मत दर पावसाळ्यात बदलतं.

हे सगळं मी माइकवर बोललो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, ‘आमच्याही चाळीत एक जब्या होता आणि एक पिऱ्या होता. आम्ही दोघांनी तांब्याची वायर विकून शाळेची पुस्तकं घेतली. पकडले गेलो. दोघांनीही मार खाल्ला.’ आणि सवयीनं खिडकीकडे पाहिलं. गच्चीला खिडकी नसते. पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

पिऱ्यानं माइक घेतला.

‘एक मिनिट,’ तो म्हणाला. ‘जब्या कोण?’

लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

‘नाही, विचारतो. मला पिऱ्या केलंस ते ठीक. पण जब्या तू? साल्या, तुझ्या घरी फ्रीज होता. आम्ही बर्फ मागायला यायचो आणि तुझी आई ट्रे मोजून द्यायची.’ मग तो लोकांकडे वळला. ‘मी सांगतो. १९८७ चा जून. टीव्हीवर रामायण चालू होतं, दर रविवारी सकाळी साडेनऊला. चाळीत चार टीव्ही. छपरावर बांबूला चार अँटेना, त्यांच्या चपट्या वायरी खाली आलेल्या. यानं वर्गात शिकलेलं, की वायरीत तांबं असतं. तांब्याला भाव असतो, हे मला माहीत होतं. आमचं शिक्षण असं मिळून झालेलं. शनिवारी रात्री पावसात मी छपरावर चढलो, हा खाली बॅटरी धरून. तीन वायरी कापल्या. चौथी कापायला गेलो तर हा खालून कुजबुजतो, ती नको, ती आमची आहे.’

गच्ची फुटली. वकील जावईसुद्धा.

‘वायर सोलली असती तर भाव बरा आला असता. पण याला घाई. आम्ही जाळली. जाळलेल्या तांब्याला भंगारवाला कमी देतो, काळं पडतं ना. आजही माझ्या साइटवर पोरं जाळताना दिसली की मी ओरडतो, सोला रे, सोला. तर त्या रात्रीच विकली, आले साडेनऊ रुपये. पुस्तकं मला घ्यायची होती, आठवीची. याला काय हवं होतं, विचारा.’

कुणी विचारलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, ‘मिस्टर इंडिया.’

‘मिस्टर इंडिया,’ पिऱ्या म्हणाला. ‘पैसे यानं ठेवले. म्हणाला, तुझ्या घरी सुरक्षित राहणार नाहीत. तेही खरंच होतं. सकाळी तीन टीव्ही बंद. सगळी चाळ, हार-उदबत्त्या घेऊन, याच्या घरी. मीसुद्धा. उंबऱ्याजवळ बसलो होतो. कुणीतरी माझे हात बघितले. रात्री जाळलेलं रबर साबणानं निघत नाही. माझ्या बापानं मला तिथूनच उचललं, जिन्याखाली नेलं आणि पट्टा काढला. पाच वर्षं घरी बसलेला माणूस, त्याच्याही हाताला काम हवंच होतं.’

हे तो इतक्या मजेत सांगत होता, की लोक अजून हसत होते. त्याचं पुढचं वाक्य मला माहीत होतं. अडतीस वर्षं माहीत होतं.

‘मी जरा ओरडत होतो. वर रामाचा वनवास. आजीबाई म्हणाल्या, काही ऐकू येत नाही बाई. आणि यानं उठून आवाज वाढवला.’

आता कुणी हसलं नाही, फक्त पिऱ्याच हसला. बायको, जी नेहमी उठून जाते, ती या वेळी बसून होती.

‘आईनं सांगितलं होतं,’ मी म्हणालो. माइक त्याच्याकडे होता, त्यामुळं ते फार लोकांना ऐकू गेलं नाही.

‘‘‘फँड्री’’ मी ठाण्याला पाहिला,’ तो म्हणाला. ‘शेवटी पोरगा दगड भिरकावतो ना, सरळ आपल्याकडे, तेव्हा थेटरात मी मान खाली घातली नाही. तू घातली असशील.’ मग मला धपाटा मारून, ‘चल, ठीक आहे रे. माझं नाव तू कुणाला सांगितलं नाहीस, तुझं मी सांगितलं नाही. हिशेब फिट्टंफाट. फक्त पावणेपाच रुपये तेवढे राहिले.’

इथं वकील जावई उठले. पुण्याहून केससाठी आले होते, संध्याकाळभर बेकार बसले होते. ‘थांबा,’ ते म्हणाले, ‘रक्कम येणे आहे? लेखी काही?’

‘काही नाही.’

‘साक्षीदार?’

‘भंगारवाला. तो गेला.’

‘मग मुदतीचा प्रश्न. अशा वसुलीला तीन वर्षं. पण तुम्ही त्या वेळी कायद्यानं अज्ञान होतात. अज्ञान दावेदाराला सवलत असते, सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मोजतात.’ त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. ‘तुम्ही सज्ञान कधी झालात?’

पिऱ्यानं इन्व्हर्टरची पिन काढली. चादर काळी झाली.

‘त्याच रविवारी,’ तो म्हणाला. ‘पावणेदहाला.’

जावयांनी हिशेब केला. ‘मग १९९० सालीच मुदत संपली.’

‘म्हणजे केस नाहीच ना?’ सेक्रेटरींनी मागून विचारलं. ‘मग वॉचमनला सांगतो, गच्चीला कुलूप लाव.’